किनाऱ्यावरचे सुकाणू

विद्यार्थ्यांच्या भवितव्याविषयी काही लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा प्रथम मनात आले ते नेहमीचेच विषय : स्पर्धा परीक्षा, पोलीस भरती, वनरक्षकाची जागा, डी.एड.नंतरची बेकारी. या विषयांवर माझ्याहून अधिक अधिकाराने लिहिणारे सहकारी आपल्या शाळेत आहेत. मी जहाजांविषयी लिहिणार आहे. साग, बांबू आणि मोहाच्या या अरण्यात बहुतेक मुलांनी समुद्र केवळ भूगोलाच्या पुस्तकातील निळ्या रंगात पाहिला आहे. अशा ठिकाणच्या स्मरणिकेत जहाजांवरचा लेख कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडल्यास तो रास्तच म्हणावा लागेल.

विषय माझा नव्हे, एका विद्यार्थिनीचा आहे. आपल्या शाळेच्या परिपाठात रोज एक विद्यार्थी वर्तमानपत्रातील बातमी वाचून दाखवतो. २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीनंतर नववीतील एका मुलीने जपून ठेवलेले कात्रण वाचले. मुंबईहून तमिळनाडूतील तुतिकोरिनपर्यंत सुमारे १५०० किलोमीटरचा सागरी प्रवास एक स्वयंचलित बोट माणसाविना करणार होती. ‘मातंगी’ हे त्या बोटीचे नाव. भारतीय नौदलाच्या उपक्रमात आपल्याच राज्यातील एका नवउद्योगाने ती तयार केली, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस संरक्षणमंत्र्यांनी तिला निरोप दिला होता. बातमी वाचून झाल्यावर ती मुलगी जागेवर गेली नाही. तिने विचारले, “सर, बोटीत माणूस नाही, तर समोर धोका दिसल्यावर निर्णय कोण घेते?”

मी “संगणक” असे उत्तर दिले. ते उत्तर तिला पटले नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसले. आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर मलाही पटले नव्हते. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला एवढे निश्चित ठाऊक आहे की, ‘निर्णय यंत्राने घेतला’ असे जेथे सांगितले जाते, तेथे कोणत्या तरी माणसाने तो आधीच घेतलेला असतो, किंवा कोणत्या तरी माणसाला जबाबदारीतून सुटका हवी असते. त्यानंतर वर्षभर जमेल तेथून या विषयावर वाचत गेलो. त्या वाचनातून जे हाती आले, ते येथे मांडतो.

माणसाविना चालणारे जहाज या शब्दप्रयोगातच थोडी फसगत आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने स्वायत्ततेच्या चार पायऱ्या मानल्या आहेत. पहिल्या पायरीवर जहाजावर खलाशी असतात आणि काही कामे आपोआप होतात. दुसरीत जहाज दुरून चालवले जाते, परंतु खलाशी जहाजावर असतात. तिसरीत जहाज दुरून चालवले जाते आणि जहाजावर कोणीही नसते. चौथीत जहाज स्वतःच निर्णय घेते. वर्तमानपत्रे चौथ्या पायरीविषयी लिहितात. प्रत्यक्षातील बरेचसे काम दुसऱ्या-तिसऱ्या पायरीच्या आसपास चालले आहे. फिनलंडमध्ये डिसेंबर २०१८ मध्ये ‘फाल्को’ नावाच्या प्रवासी तरीने एक फेरी स्वतःहून केली. परतीच्या फेरीत सुमारे ५० किलोमीटर दूर, तुर्कू शहरातील खोलीत बसलेल्या कप्तानाने ती चालवली. नॉर्वेत ‘यारा बिर्कलँड’ हे विजेवर चालणारे, १२० कंटेनर वाहणारे जहाज २०२२ पासून एका खत कारखान्याचा माल जवळच्या बंदरात नेते. त्याच्यावर किनाऱ्यावरील नियंत्रण केंद्रातून लक्ष ठेवले जाते, आणि प्रारंभीची वर्षे त्यावर खलाशीही होते. जपानने त्याच वर्षी टोकियोच्या उपसागरातून एक मालवाहू जहाज अशाच रीतीने नेऊन परत आणले.

म्हणजे माणूस नाहीसा झालेला नाही. तो जहाजावरून उतरून किनाऱ्यावरच्या खुर्चीत बसला आहे. या जहाजांसाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेत जी संहिता तयार होत आहे, ती आधी ऐच्छिक आणि पुढे, २०३२ च्या सुमारास, बंधनकारक व्हावी असा बेत आहे. तिच्या चर्चेत एका मुद्द्यावर सहमती झाली : प्रत्येक जहाजाला जबाबदार असा एक मानवी कप्तान असलाच पाहिजे, मग तो जहाजावर असो वा नसो. नववीतल्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर ते हेच. मला ते द्यायला वर्ष लागले.

आता प्रश्न उरतो तो त्या खुर्चीचा. तीत बसणाऱ्याला काय आले पाहिजे? आपल्या मुलांना, आणि खरे तर आपल्या शिक्षकांनाही, असे वाटते की पडद्यापुढचे काम म्हणजे बोटांचे काम. भ्रमणध्वनीवर खेळ खेळणाऱ्या मुलाला ते सहज जमेल. हा समज घातक आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही नववीची सहल चंद्रपूरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्रात नेली होती. २९२० मेगावॉट क्षमतेच्या त्या केंद्राच्या नियंत्रण कक्षात भिंतभर दिवे आणि पडदे होते, आणि मुले अर्थातच भारावून गेली. तेथील एका वयस्क तंत्रज्ञाला मी विचारले, नवा माणूस किती दिवसांत तयार होतो? ते म्हणाले, “सर, पडदा वाचायला महिना पुरतो. पण पडदा खोटे सांगतो आहे, हे ओळखायला आधी बॉयलरच्या जिन्यांवर काही वर्षे चढउतर करावी लागते.” दूरनियंत्रित जहाजांविषयी मी पुढे जे जे वाचले, त्यातले निम्मे या एका वाक्यात आले होते.

जहाजावर उभा असलेला अधिकारी डोळ्यांनी पाहतो, त्याखेरीज पायांनीही पाहतो. तक्त्याचा कंप बदलला, की यंत्रात काही बिघडले हे त्याला कळते. वाऱ्याचा रोख गालाला समजतो. धूर, तेल, जळकी वायर नाकाला समजते. जहाज लाटेवरून उतरताना किती वेळ रेंगाळते, त्यावरून त्याला मालाच्या भाराचा अंदाज येतो. किनाऱ्यावर बसलेल्याला यांतले काहीही मिळत नाही. त्याला रडारचे ठिपके, कॅमेऱ्याची चित्रे, उपग्रहाने कळवलेले स्थान आणि आकडे मिळतात, आणि तेही काही क्षण उशिरा. त्यामुळे त्याला उरलेले जहाज मनात उभे करावे लागते. हे मनातले जहाज ज्याने खरे जहाज अनुभवले आहे त्यालाच उभे करता येते, असे अनुभवी दर्यावर्दी सांगतात, आणि मला ते पटते.

आपल्या वैनगंगेवरचा एक म्हातारा नावाडी मला अनेक वर्षांपूर्वी हेच वेगळ्या शब्दांत बोलला होता. पावसाळ्यानंतरच्या गढूळ पाण्यात तो डोंगा नेत होता आणि मी भीतभीत विचारले की तळ दिसत नाही, मग खडक कसा कळतो. तो म्हणाला, “दिसते ते वरचे पाणी, गुरुजी. खालचे बांबूले समजते.” जहाज दुरून चालवणाऱ्याच्या हातून हा बांबू काढून घेतलेला असतो. त्याच्या जागी दुसरा बांबू कोणता द्यायचा, हीच या नव्या विद्येची मुख्य अडचण आहे.

पाली साहित्य वाचणाऱ्यांना येथे सुप्पारक जातक आठवेल. भरुकच्छ म्हणजे आजचे भडोच. तेथील नावाड्यांच्या प्रमुखाचा हा मुलगा सोळाव्या वर्षी नौकानयनात पारंगत झाला. पुढे खाऱ्या पाण्याने त्याची दृष्टी गेली. तरीही व्यापाऱ्यांनी त्यालाच आपल्या जहाजाचा मार्गदर्शक म्हणून नेले. जहाज अनोळखी समुद्रात भरकटले. व्यापारी पाण्याचा रंग आणि रूप वर्णन करून सांगत, आणि हा अंध मनुष्य ऐकून समुद्राचे नाव आणि त्यातील धोका सांगे. डोळे दुसऱ्याचे आणि ज्ञान त्याचे होते. कथेतील चमत्काराचा भाग आपण बाजूला ठेवू; तो मानण्याचे कारण नाही. मात्र ज्या समाजात ही कथा रचली गेली, त्या समाजाला दुरून चालवण्याच्या विद्येचे मर्म कळले होते : पाहण्याचे काम वाटून देता येते, समजण्याचे देता येत नाही. सुप्पारक हे सोपाऱ्याचेही पाली नाव आहे. आजच्या पालघर जिल्ह्यातील त्या बंदरात भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये स्तूप खोदला आणि अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही तेथेच सापडला. बौद्ध धम्माचा प्रसार ज्या व्यापारी मार्गांनी झाला, त्यांत समुद्राचे मार्ग होते. समुद्रगमन निषिद्ध मानणारी परंपरा आपली नव्हे, हे मुलांना सांगताना मला संकोच वाटत नाही.

या विद्येचे दुसरे अंग मला त्याहून महत्त्वाचे वाटते. ते म्हणजे काहीही घडत नसताना जागे राहणे. जून १९९५ मध्ये ‘रॉयल मॅजेस्टी’ नावाचे प्रवासी जहाज बर्म्युडाहून बोस्टनकडे निघाले. उपग्रहाकडून स्थान घेणाऱ्या यंत्राच्या अँटेनाची तार निसटली. यंत्राने अंदाजाने स्थान दाखवणे सुरू केले, पडद्यावर तशी बारीक खूणही उमटली, परंतु कोणाच्या लक्षात आली नाही. सुमारे ३४ तास पाळीमागून पाळी बदलत गेली, प्रत्येक अधिकाऱ्याने पडद्यावरच्या रेषेवर जहाज बरोबर असल्याचे पाहिले, आणि शेवटी जहाज मार्गापासून १७ मैल दूर, नँटकेट बेटाजवळच्या उथळ पाण्यात रुतले. जीवितहानी झाली नाही, हे नशीब. त्या जहाजावर प्रशिक्षित माणसे होती, पूल होता, खिडक्या होत्या. खिडकीबाहेर पाहण्याची सवय तेवढी गेली होती. किनाऱ्यावरच्या खोलीत तर खिडकीबाहेर समुद्रच नसतो. आणि एकाच माणसाने दोन-तीन जहाजांवर लक्ष ठेवावे, असा मालकांचा आग्रह असणार. आठ तास सर्व सुरळीत आणि नवव्या तासाला तीस सेकंदांत एका जहाजाची सूत्रे हाती घ्यायची : ते कोठे आहे, समोरचे जहाज कोणते, नियमानुसार वाट कोणी द्यायची, वारा किती, थांबायला किती अंतर लागेल. हे सर्व त्या तीस सेकंदांत आठवायचे. १९७२ च्या टक्करप्रतिबंधक नियमांत सतत डोळे आणि कान उघडे ठेवून पहारा देण्याचा नियम आहे. कॅमेऱ्याने पाहणे म्हणजे डोळ्यांनी पाहणे होय काय, यावर जगभरचे कायदेतज्ज्ञ वाद घालत आहेत.

हे वाचताना मला आपल्याकडची जागल आठवली. धान निसवायला लागले की रानडुकरांपासून ते राखण्यासाठी रात्रभर मचाणावर बसायचे. आपल्या वसतिगृहातील मोठी मुले सुट्टीत घरी जातात तेव्हा हेच करतात. जागलीला बसणारा मुलगा अंधारात पाहत नाही, ऐकतो. कोणता आवाज नेहमीचा आणि कोणता वेगळा, हे त्याला न शिकवता येते. नेहमीच्या आवाजांकडे दुर्लक्ष करून वेगळ्या आवाजावर ताडकन उठणे, हेच पहाऱ्याचे कौशल्य आहे, आणि ते आपल्या मुलांत शहरातील मुलांहून कमी नाही. मात्र यावरून ‘आमची मुले उपजतच या कामाला योग्य’ असा निष्कर्ष काढणारे भाषण कोणी करू नये. उपजत योग्यतेच्या सिद्धांताने या देशात काय केले, ते आपण जाणतो.

कारण पहारा आपल्या पूर्वजांना नवा नव्हता. वेशीवरचा येसकर, रात्रीची राखण, सरकारी खजिन्याबरोबरची वाटचाल, आमच्या चांदा भागात गावचा कोतवाल : ही कामे जन्माने माथी मारलेली होती. रात्रभर जागणारा तो, आणि सकाळी निर्णय घेणारा पाटील. चोरी झाली तर जाब पहारेकऱ्याला, चोर सापडला तर मान दुसऱ्याला. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात वतनदारीच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते या जबाबदारी आणि अधिकार यांच्या फारकतीविरुद्ध होते, असे मी समजतो. म्हणून या नव्या खुर्चीविषयी माझा पहिला प्रश्न कौशल्याचा नसून अधिकाराचा आहे. पडद्यापुढे रात्रभर जागणाऱ्या मुलाला जहाज थांबवण्याचा अधिकार असेल काय? की तो केवळ सूचना देईल आणि निर्णय कोठल्या तरी तिसऱ्या शहरातील व्यवस्थापक घेईल, आणि अपघात झाल्यावर चौकशीत नाव मात्र पहारेकऱ्याचे येईल? प्रशिक्षण घेतलेल्या आणि प्रमाणपत्र असलेल्या माणसालाच हा अधिकार मिळतो. प्रमाणपत्र नसलेल्याच्या वाट्याला जुनी येसकरकीच येईल, पगार थोडा बरा असेल इतकेच.

माझे एक ज्येष्ठ सहकारी या विषयावर माझ्याशी सतत वाद घालतात. त्यांचे म्हणणे असे की, स्वयंचलित जहाजे म्हणजे नोकऱ्या कमी होणे; ज्या धंद्यातून माणसे काढली जात आहेत, तिकडे आपल्या मुलांना का पाठवता? त्यांचा आक्षेप मी हलका मानत नाही. मोठ्या मालवाहू जहाजावर वीस-पंचवीस माणसे असतात. त्यांपैकी आधी जाणार ते तळाचे : खलाशी, सफाईवाले, रंगारी. दहावीनंतरच्या अल्पमुदतीच्या प्रशिक्षणाने जी कामे मिळतात, तीच पहिल्यांदा कमी होतील. शिवाय एक तिढा कोणालाच अद्याप सुटलेला नाही. आज जहाजावरील अधिकारी होण्यासाठी मान्यताप्राप्त प्रशिक्षणासह किमान बारा महिन्यांची सागरी सेवा लागते. जहाजांवर माणसेच नसतील, तर उद्याच्या किनाऱ्यावरच्या कप्तानाला ही सेवा कोठे मिळणार? नकली समुद्र दाखवणाऱ्या यंत्रावर सर्व शिकता येते, असे यंत्रे विकणारे म्हणतात. मला शंका आहे.

परंतु त्यांच्या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. धंदा बदलत असताना त्याच्या वरच्या पायरीवर जाण्याची तयारी न करणे म्हणजे खालच्या पायरीवर राहण्याची तयारी करणे होय. शिवाय या बदलाने एक दार प्रथमच उघडत आहे. जहाजावरची नोकरी म्हणजे महिनोन्‌महिने घर सोडणे. म्हणून मुलींना, आजारी आईबाप असलेल्यांना, लहान मुले असलेल्यांना ती वर्ज्य ठरत आली. किनाऱ्यावरच्या केंद्रात पाळीने काम करून घरी जाता येते. काही वर्षे समुद्रावर काढून नंतर किनाऱ्यावर स्थिर होण्याचा मार्ग निघाला, तर परिपाठात प्रश्न विचारणारी ती मुलगी त्या खुर्चीत बसू शकते. हे मी अतिशयोक्तीने म्हणत नाही.

आणि नदीशी, जलमार्गाशी आपला संबंध काय, असे म्हणणाऱ्यांना थोडा स्थानिक इतिहास सांगणे भाग आहे. १८६० च्या दशकात, अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडला कापूस मिळेनासा झाला होता. तेव्हा नागपूर-वऱ्हाडचा कापूस वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी या मार्गाने पूर्व किनाऱ्यावर नेण्याची योजना ब्रिटिश सरकारने हाती घेतली. तिच्यामागे आर्थर कॉटन यांचा आग्रह होता. मार्गात तीन मोठे खडकाळ अडथळे होते : डुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि आपल्या अहेरी भागातील देवलमरी. तेथे बंधारे आणि कालवे बांधण्यास प्रारंभ झाला, वाफेच्या बोटी आणल्या गेल्या. सिरोंचा हे अप्पर गोदावरी नावाच्या स्वतंत्र जिल्ह्याचे मुख्य ठाणे होते. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली, नदीत वर्षाचे काही महिनेच पुरेसे पाणी असे, खर्च वाढत गेला, आणि १८७१ मध्ये काम सोडून देण्यात आले. १८७४ मध्ये सिरोंचा चांदा जिल्ह्याला जोडले गेले. दहा वर्षे या नद्यांवर अभियंते, नकाशे आणि बोटी होत्या. एवढ्या काळात या प्रदेशातील एखाद्या मुलाला बोटीचे यंत्र चालवायला किंवा नदीचा नकाशा काढायला कोणी शिकवल्याची नोंद माझ्या वाचनात आलेली नाही. विद्या बाहेरून आली आणि बाहेरच गेली. दगड तेवढे येथे राहिले.

बाबासाहेबांनी हा प्रश्न अचूक ओळखला होता. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात श्रमखाते सांभाळत असताना, १९४५ मध्ये, त्यांच्या खात्याखाली जो केंद्रीय जलआयोग स्थापन झाला, त्याच्या नावातच जलमार्ग, सिंचन आणि नौकानयन हे तीन शब्द होते. नौकानयन हा शब्द त्या नावात असणे मला लक्षणीय वाटते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कटक येथील परिषदेत ओरिसातील नद्यांविषयी बोलताना त्यांनी पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि जलवाहतूक यांचा एकत्र विचार मांडला. तंत्रशिक्षणाची योजनाही याच श्रमखात्याकडे होती. नदी आणि तंत्रज्ञ या दोन्ही गोष्टी एकाच मंत्र्याच्या मेजावर होत्या, आणि तो मंत्री आपला होता. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपुरात ज्यांनी दीक्षा घेतली, त्यांची नातवंडे आज आपल्या वर्गात बसतात. त्यांना बाबासाहेब संविधानाचे शिल्पकार म्हणून माहीत आहेत; जलआयोगाचे बाबासाहेब आम्ही शिक्षकांनी त्यांना सांगितलेले नाहीत.

२०१६ च्या कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग घोषित झाले. त्या यादीत वैनगंगा-प्राणहितेचेही नाव आहे. कागदावर आपण राष्ट्रीय जलमार्गाच्या काठी राहतो. त्याच वैनगंगेत जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यातील गणपूरजवळ नाव उलटली आणि मिरची तोडण्याच्या मजुरीसाठी पलीकडे निघालेल्या बायका बुडून मरण पावल्या. एकीकडे माणसाविना जहाज पन्नास किलोमीटरवरून चालते, आणि दुसरीकडे माणसांनी भरलेली नाव शंभर हातांवरच्या काठाला पोहोचत नाही. म्हणून मी मुलांना जहाजाविषयी सांगतो तेव्हा आधी तरंगजाकिटाविषयी सांगतो. नावेत किती माणसे बसावीत हे ठरवण्याचे गणित आणि जहाजात किती माल भरावा हे ठरवण्याचे गणित एकच आहे. आर्किमिडीजचा नियम आठवी-नववीत शिकवला जातो. तो वैनगंगेच्या घाटावर शिकवावा, असे आमच्या विज्ञान शिक्षकांना मी सुचवले, आणि त्यांनी ते मान्य केले, याबद्दल त्यांचे आभार येथेच मानतो.

आता थोडे व्यवहाराचे. जहाजावरील अधिकारी होण्याचा रूढ मार्ग बारावी विज्ञान शाखेतून जातो. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित यांत मिळून ६० टक्के गुण, इंग्रजीत दहावीला किंवा बारावीला ५० टक्के, आणि भारतीय सागरी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा. हे विद्यापीठ २००८ मध्ये स्थापन झाले. त्याचा एक परिसर मुंबईत आहे. १९२७ पासून ‘डफरीन’, मग ‘राजेंद्र’ या प्रशिक्षण नौकांवरून आणि पुढे नवी मुंबईतील ‘चाणक्य’ संस्थेतून देशाचे सागरी अधिकारी घडले. अनुसूचित जाती-जमातींना विज्ञानाच्या गुणांत सवलत आहे. इंग्रजीत सवलत नाही, हे पालकांनी विशेष लक्षात घ्यावे. मला तो नियम अन्यायकारक वाटत नाही. समुद्रावर वेगवेगळ्या देशांची माणसे ठरीव इंग्रजी वाक्यांत बोलतात. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये त्या वाक्यांचा संग्रहच मंजूर केला. ती वाक्ये छोटी आणि एकाच अर्थाची असतात, आणि त्यांत अलंकार मुळीच नसतात. आपली मुले इंग्रजीला घाबरतात ती निबंधाच्या इंग्रजीला. या इंग्रजीला घाबरण्याचे कारण नाही. दहा-बारा मुलांवर मी प्रयोग करून पाहिला आहे. एकाने वर्गात, दुसऱ्याने मैदानाच्या टोकाला उभे राहून भ्रमणध्वनीवरून डोळे बांधलेल्या तिसऱ्याला वाट सांगायची, आणि ऐकणाऱ्याने प्रत्येक सूचना परत उच्चारायची. पहिल्या दिवशी तिसरा मुलगा दोनदा कडुनिंबावर आदळला. आठवड्याने आदळेनासा झाला. “तिकडे जा” या वाक्याला काही अर्थ नसतो, हे त्यांना माझ्या सांगण्याशिवाय कळले.

खरी अडचण निराळीच आहे, आणि ती फार उशिरा लक्षात येते. जहाजाच्या पुलावर काम करणाऱ्याला रंगांधळेपणा असून चालत नाही; लाल आणि हिरवा दिवा ओळखण्यावर टक्कर टळणे अवलंबून असते. दूरच्या दृष्टीचीही कडक अट आहे. अनेक वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शाळेत असताना माझा एक विद्यार्थी प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाला, घरच्यांनी कर्ज काढले, आणि वैद्यकीय तपासणीत त्याला लाल-हिरवा भेद नीट कळत नसल्याचे निघाले. बारावीपर्यंत कोणी ते तपासले नव्हते. मीही नाही. त्याला इतिहासातील नकाशे रंगवताना मी अनेकदा रागावलो होतो.

दूरनियंत्रण केंद्रातील कर्मचाऱ्यांसाठी दृष्टीची अट पुढे काय राहील, ते नवी संहिता ठरवील. तोपर्यंत आजच्या अटी धरूनच चालावे लागेल. रंगदृष्टी तपासण्यासाठी ठिपक्यांच्या चित्रांचे एक पुस्तक आणि प्रत्येक मुलामागे दोन-तीन मिनिटे लागतात. संस्थेच्या संचालक मंडळाला माझी विनंती आहे की, येत्या जून महिन्यात आरोग्य तपासणीच्या वेळी आठवीच्या सर्व मुलामुलींची रंगदृष्टी तपासावी, आणि निष्कर्ष पालकांना लेखी कळवावा. पुस्तकाचा खर्च मी देतो. परिपाठात प्रश्न विचारणारी ती मुलगी आता दहावीत आहे; तिची तपासणी गेल्या महिन्यात मी तालुक्याच्या ठिकाणी करून घेतली. तिला सर्व आकडे बरोबर वाचता आले.